आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे: आमटी फिकी का लागते?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कोथरूडला राहतो. यजमान 58 वर्षांचे, उंची साडेपाच फूट, वजन 94 किलो. पूर्वी आमटीचा पहिला भुरका घेतला की गोडा मसाला घरचा की विकतचा, ते अचूक सांगत. आता ताटात वरून मीठ घेतात, दोन चमचे साखरेचा चहाही त्यांना फिका लागतो. रोज सूनबाईला ऐकून घ्यावं लागतं. परवा ती रडली. लेक म्हणते, चरबीमुळे जिभेवर आणि मेंदूवर परिणाम होतो. हे खरं, की हा नुसता वयाचा हट्ट?
— एक भगिनी, कोथरूड

उत्तर : ताई, आधी सूनबाईंना सांगा की आमटीत काही कमी नाही. आणि यजमानही उगाच नावं ठेवत नसावेत, त्यांना ती खरोखरच फिकी लागत असणार.

पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा, असा आपला समज असतो. पण मेद जिवंत आहे, तो रक्तात सतत रसायनं सोडतो. 1993 साली लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा घटक जास्त प्रमाणात आढळला. एरवी जखम झाली, जंतू शिरले की शरीर तो सोडतं आणि काम झालं की थांबवतं. लठ्ठपणात मात्र हा दाह मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा चालूच राहतो. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता जिभेचं. तिच्यावरच्या, चव ओळखणाऱ्या स्वादकलिकांमधल्या बऱ्याचशा पेशी साधारण दहा दिवसांत झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना आठ आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लठ्ठ झालेल्या उंदरांच्या स्वादकलिका सुमारे 25 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. मला त्यातला पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. तेच खाणं खाऊनही जे उंदीर जन्मजात गुणामुळे लठ्ठ झाले नाहीत, त्यांच्या कलिका शाबूत राहिल्या. ज्यांच्या शरीरात टीएनएफ-अल्फा तयारच होत नाही, ते लठ्ठ झाले, तरी त्यांच्याही कलिका घटल्या नाहीत. म्हणजे दोष थेट तुपाचा नाही, वजनकाट्याचाही नाही. दोष त्या दाहाचा. हे उंदरांतलं झालं. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत, पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर चव बदलल्याचं अनेक रुग्ण सांगतात. तोच पेढा काहींना जास्त गोड लागू लागतो.

मेंदूचंही लेकीनं बरोबर वाचलंय. मेद लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागाला, ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतो. अतिचरबीच्या आहारानं तिथे दाह होतो. उंदरांमध्ये तो वजन वाढण्याआधी, काही दिवसांतच दिसला आहे. मग निरोप पोचतो, पण मेंदू दाद देत नाही. म्हणून ‘तोंडावर ताबाच नाही’ हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो. कृपा करून तो घरात कुणी मारू नये.

तरीही सगळं चरबीच्या माथी मारू नका. आपण जिला चव म्हणतो, त्यात मोठा वाटा वासाचा असतो. यजमानांना डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून कॉफीची पूड आणि दालचिनी ओळखायला सांगा. वास येत नसेल किंवा एकाच बाजूला येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मधुमेह, तंबाखू, कवळी, कोरडं तोंड हेही तपासायला हवं. मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या गोळीनं काहींच्या तोंडाला धातूची चव येते. गोळ्या मनानं बंद मात्र करू नका, यादी घेऊन डॉक्टरांना भेटा.

मीठदाणी टेबलावरून उचला. मीठ हळूहळू कमी केलं की काही आठवड्यांत जीभ त्याला सरावते. तोवर लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं आहेच. रोज तळजाईच्या टेकडीवर चालायला जाऊ द्या, शक्यतो तुम्हीही बरोबर जा. वजन उतरलं की रक्तातला दाह कमी होतो, हे तपासणीतही दिसतं. आणि चव कमी लागते म्हणून साखर, गूळ, तेल वाढवत नेऊ नका. त्यानं वजन आणखी वाढेल आणि दाहही.

प्रश्न : वय 34, वजन 64 किलो. हडपसरला बैठं काम. थोडं पोट सुटलंय, पण लठ्ठ नाही. मला काळजी नको ना?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : काळजी हवी. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण याज्ञिकांच्या शरीरात मेद 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या 9.1 टक्के! दिसायला बारीक आणि आत मेद, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे आणि पोटातला मेद दाह जास्त वाढवतो. टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांत ती 90 सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कितीही असो, या महिन्यातच उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी तपासून घ्या.