‘मित्र’ हा शब्द खोड

प्रिय,

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल रात्री दोनदा वाचलं. चित्रकार भूपेन खक्करच्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’वर (१९७२) लिहिलेली पानं वाचताना वाटलं, हा मुलगा चित्रासमोर नीट उभा राहतो. दिवसा बडोद्यात हिशेब तपासायचे आणि उरलेल्या वेळात शिंपी, न्हावी, घड्याळजी रंगवायचे, या खक्करच्या आयुष्याबद्दलही तू जीव लावून लिहिलं आहेस. म्हणूनच पुढचं पान वाचून राग आला.

‘टू मेन इन बनारस’ (१९८२) या चित्राबद्दल तू लिहितोस, ‘नदीकाठच्या शहरात भेटलेले दोन मित्र.’ अरे, ते दोघं नग्न आहेत. एकमेकांच्या मिठीत उभे आहेत, आणि त्यांना एकमेकांची ओढ आहे याबद्दल चित्रकाराने कसलीही शंका ठेवलेली नाही. घाट, देवस्थानं, पूजाअर्चा करणारी माणसं बारीक बारीक, आणि मिठी सगळ्यांत मोठी. तीर्थक्षेत्र आणि ही मिठी एकाच कॅनव्हासवर मावतात, हे त्याचं म्हणणं आहे. ते काढल्यावर तुझ्या प्रकरणात उरलं काय?

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, कलावंताचं खाजगी आयुष्य प्रबंधात नको. ज्याने ते स्वतःच्या हाताने, तैलरंगात, भिंतीवर टांगण्यासाठी रंगवलं, त्याच्या बाबतीत खाजगी कसलं? चित्रात आहे ते लिही. कमी नको, जास्त नको.

फोनवर तू शेवटी जे विचारलंस, तेच खरं अडलं आहे हे मला कळतं. ‘मी असं लिहिलं तर लोक माझ्याबद्दल काय समजतील?’ तुझ्याबद्दल कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते सर्वस्वी तुझं. त्यात मी एका शब्दाने पडणार नाही. पण त्या भीतीची किंमत खक्करकडून वसूल करू नकोस.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतो आहे? तुझ्या संदर्भसूचीत माझा एक जुना लेख आहे, दिवाळी अंकातला. याच चित्रावरचा. ‘दोन मित्र’ हे शब्द त्यातले आहेत. तुझे नाहीत, माझे आहेत. संपादकांनी बदलले नव्हते, कुणी दबाव आणला नव्हता. पहिल्या खर्ड्यात मी ‘प्रियकर’ लिहिलं होतं आणि पाकिटात घालण्याआधी रात्री उठून तो शब्द बदलला. मी अविवाहित होतो, चाळिशीला आलो होतो, आई घरात होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. मला वाटलं, हा शब्द मीच लिहिला तर लोक चित्राकडे न बघता माझ्याकडे बघतील. आजही वाटतं की त्या वेळी दुसरं काही करणं मला जमलं नसतं. त्या काळात जे गप्प बसले ते सगळे भेकड होते असं तुमच्या पिढीने म्हटलं की मला लागतं. खक्करसुद्धा आई होती तोवर उघड बोलला नव्हता. १९७९ मध्ये इंग्लंडला जाऊन आला, पुढच्या वर्षी आई गेली. मग १९८१ मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आलं. सज्जात एक नागडा माणूस, तो स्वतःच, आणि खाली बाप, मुलगा आणि गाढवाची आपल्याला पाठ असलेली गोष्ट चाललेली. तेव्हाही ३७७ होतंच. माझी बाजू मांडताना ही गोष्ट मी सोयीने वगळत आलो.

चित्रात आहे ते लिही.

एक उदाहरण देतो. मायकेलअँजेलोने तोमासो देई काव्हालिएरी या तरुणासाठी कविता लिहिल्या. त्याच्या पुतण्याच्या मुलाने १६२३ मध्ये त्या छापल्या तेव्हा ‘तो’च्या जागी ‘ती’ घातली. घराण्याची अब्रू म्हणून, प्रेमानेच केलं असेल. मूळ शब्दांसह कविता छापून यायला १८६३ साल उजाडलं. २४० वर्षं वाचक भलतंच वाचत राहिले. मराठीत तर लपवणं आणखी अवघड, आपलं क्रियापदच सांगून टाकतं तो आला की ती आली. म्हणून आपण ‘स्नेही’, ‘सोबती’, ‘मित्र’ असले शब्द हाताशी ठेवतो. शब्द गोड आहेत. मी आयुष्यभर वापरले.

आता ‘जास्त नको’ याबद्दल. तुझ्या तळटीपेतली तेरा थोर समलिंगी पुरुषांची यादी काढून टाक. कशाला हवी? इतके मोठे लोकही असे होते, तेव्हा खक्करला माफ करा, असं सांगायला? त्याला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. शिवाय यादीतल्या काहींबद्दल तुझ्याकडे फक्त वदंता आहे. लिओनार्दोवर १४७६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये निनावी तक्रार झाली आणि ते प्रकरण निकालात निघालं. एवढंच म्हणता येत असेल तर एवढंच म्हण. पद्मश्री १९८४ ची, लंडनच्या टेट कलासंग्रहालयाने १९९६ मध्ये विकत घेतलेलं ‘यू कान्ट प्लीज ऑल’, २०१९ च्या लंडनच्या लिलावात बनारसच्या चित्राला मिळालेले २५ लाख पौंडांच्या वरचे पैसे, यांचाही तू ढालीसारखा उपयोग केला आहेस. किंमत वाढली म्हणून ती मिठी सभ्य झाली असं तुला म्हणायचं आहे का? १९८२ मध्ये तिला काही किंमत नव्हती तेव्हाही ती तीच होती.

रागावलो असेन तर रागावलो. तू मला प्रिय आहेस, आणि हे प्रकरण तू माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार आहेस, हे घड्याळजीची पानं वाचून मला कळलं आहे. बाईंना समजवायचं असेल तर मी येतो. तारीख कळव, बडोद्याची गाडी सकाळी आहे.

माझा लेख संदर्भसूचीत ठेव, पण त्यापुढे लिही की ‘मित्र’ हा शब्द चूक आहे आणि लेखकाला तो लिहिताना माहीत होतं. माझ्या कपाटातल्या अंकात मी तो केव्हाच खोडला आहे. इतरांकडच्या अंकांत तो अजून तसाच आहे.

तुझा,
काका