कोड यंत्राचा, जबाबदारी माझी: एका टीम लीडची अस्वस्थता

‘कोड आता एआय लिहिते, मी फक्त अप्रूव्ह दाबते, मग मला खरेच काही येते का?’ हा प्रश्न, शब्द थोडे इकडेतिकडे करून, ऐरोली, महापे आणि वागळे इस्टेटमधील आयटी कंपन्यांत काम करणारे अनेक जण माझ्या ठाण्यातील समुपदेशन केंद्रात घेऊन येतात. बहुतेकांची सुरुवात नोकरी जाण्याच्या भीतीने होते. थोडे बोलल्यावर मात्र त्याखालची अधिक बोचणारी गोष्ट समोर येते, ती म्हणजे आपल्याच कामावरचा उडालेला विश्वास. अशाच एका अनुभवी अभियंता बाईंचे उदाहरण त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहे.

वय चाळिशीच्या आसपास, ऐरोलीतील एका कंपनीत टीम लीड, घोडबंदर रोडवर घर आणि त्याचा चालू असलेला हप्ता. त्यांची टीम ऑनलाइन पेमेंटचे काम पाहते. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला, तर तीच विनंती पुन्हा पाठवण्याचा भाग टीममधल्या एका तरुणाने एआय साधनाकडून लिहून घेतला होता आणि बाईंनी तो तपासून (रिव्ह्यू करून) मंजूर केला होता. त्यात व्यवहाराचा ओळख क्रमांक पुन्हा पाठवण्याच्या लूपच्या, म्हणजे कोडच्या परत परत चालणाऱ्या भागाच्या, आतच तयार होत होता. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळणार, बँक त्याला वेगळा व्यवहार समजणार आणि ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे जाण्याची शक्यता राहणार. कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, होत्या, कारण त्या टेस्टही त्याच साधनाने त्याच कोडवरून लिहिल्या होत्या आणि कोडमधले गृहीतक त्यांत जसेच्या तसे उतरले होते. कोड प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाण्यापूर्वीच चूक पकडली गेली. पण क्लायंटबरोबरच्या कॉलवर ‘हा आयडी दर वेळी नवा का बनतो?’ असे विचारले गेले, तेव्हा बाईंना उत्तर देता आले नाही.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. दोन ओळी लूपच्या बाहेर काढायच्या होत्या. त्यानंतर मात्र बाई रात्री-अपरात्री दोन वाजता उठून मर्ज झालेला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलेला, कोड पुन्हा वाचू लागल्या, सकाळच्या स्टँडअपआधी (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीआधी) पोटात गोळा येऊ लागला आणि आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने ज्युनिअर मंडळींना प्रश्न विचारणेही त्यांनी सोडले. ‘मी इंजिनिअर राहिले नाही हो मॅडम, शिक्का मारणारी कारकून झालेय,’ असे त्या म्हणाल्या. ‘सगळेच वापरतात, तू एवढं काय मनाला लावून घेतेस?’ या यजमानांच्या धीराचा उपयोग झाला नाही, कारण सगळे काय करतात हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

आधी झोपेकडे पाहिले. नैराश्याची लक्षणे तपासली. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज त्यांच्या बाबतीत दिसली नाही. ज्यांची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली आहे किंवा ज्यांना जगणे नकोसे वाटते, त्यांनी मात्र तिकडे जाण्यास विलंब करू नये. शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्यासमोर एक जुना विचार ठेवला. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच स्वयंचलनातील एक विसंगती दाखवून दिली होती: यंत्र काम करू लागले की माणसाकडे उरते ते देखरेखीचे काम, जे माणसाला दीर्घकाळ नीट जमत नाही, आणि प्रसंगी हस्तक्षेप करण्यासाठी जो हात वळलेला असावा लागतो, तो वळवणारा रोजचा सराव नेमका यंत्रच काढून घेते. हे लिखाण कारखान्यांतील नियंत्रण कक्षांसारख्या यंत्रणांविषयीचे होते, पण ते वाचून बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे हे माझ्या एकटीचं नाही तर.’ हे एवढे समजणेही पुष्कळ असते. कामाच्या रचनेतला दोष माणूस स्वतःच्या स्वभावात शोधू लागला, की समुपदेशनाने त्याला फार तर सहनशील करता येते. कंपन्या अशा माणसांना ताणतणावाच्या सत्रांना पाठवून मोकळ्या होतात, हे मला खटकते.

त्यानंतर २०२५ मध्ये अमेरिकेतील मेटर या संस्थेने केलेल्या प्रयोगाचा विषय निघाला. ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रामरना २४६ कामे देण्यात आली. काहींत एआय वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. एआय वापरल्यावर कामाला सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, पण काम संपल्यावरही त्या प्रोग्रामरना एआयमुळे आपले काम सुमारे २० टक्के लवकर झाले असेच वाटत होते. ‘सोळाच माणसं? आणि साधनं तर दर महिन्याला बदलतात,’ असा आक्षेप बाईंनी लगेच घेतला, आणि तो रास्तच होता. आपल्याला काही येत नाही म्हणणाऱ्या बाईंनी नमुन्याच्या आकारावर पहिले बोट ठेवले, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. मला त्या प्रयोगातून एआय वाईट असल्याचे सिद्ध करायचे नव्हते. आपल्या कामाविषयीचा आपला अंदाज मोठ्या फरकाने चुकू शकतो, एवढेच दाखवायचे होते. आणि ‘मी वेगवान झालो’ हा अंदाज जसा चुकतो, तसा ‘मला काहीच येत नाही’ हाही चुकू शकतो.

म्हणून अंदाजाऐवजी नोंद ठेवायचे ठरले. साधनाला काही विचारण्यापूर्वी वहीत तीन-चार ओळी लिहायच्या: काय घडायला हवे, कुठे फसू शकेल, मी काय तपासेन. उत्तर आल्यावर आपण काय नाकारले किंवा बदलले, तेही लिहायचे. काही आठवड्यांनी ती वही आम्ही एकत्र वाचली. ओळी बहुतांशी यंत्राच्या होत्या, पण बँकेच्या दिवसअखेरीच्या हिशेबाच्या वेळी काय होईल, अर्धवट राहिलेला व्यवहार कोणाच्या खाती दाखवायचा, कोणती सूचना साफ धुडकावायची, हे निर्णय बाईंचे होते. त्याचबरोबर दुसरी गोष्टही दिसली: गुंतागुंतीच्या एसक्यूएल क्वेरीवरचा (डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या आज्ञांवरचा) त्यांचा हात खरोखरच गेला होता. तेवढ्यापुरती त्यांची भीती खरी होती आणि ती खोटी ठरवण्याचा प्रयत्न मी केला नाही. आता अशा क्वेरी त्या आठवड्यातून एकदा साधन बंद ठेवून स्वतः लिहितात.

उरलेला भाग ऑफिसातलाच होता. मानवकेंद्रित कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी लिहिणारे संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांची मांडणी अशी आहे की, स्वयंचलन वाढले म्हणजे माणसाचे नियंत्रण घटलेच पाहिजे असे नाही. रचना नीट केली तर दोन्ही भरपूर असू शकतात. बाईंनी मॅनेजरपुढे त्याच दिशेच्या मागण्या ठेवल्या. साधनाने लिहिलेला बदल लहान तुकड्यांत यावा, तो पाठवणाऱ्याने ‘हे असे का’ हे स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि पेमेंटच्या टेस्ट कोड न पाहता, मूळ गरजेवरून माणसाने लिहाव्यात.

नोकरीबद्दल मी त्यांना कोणतीही हमी दिली नाही, कोणताही समुपदेशक देऊ शकत नाही. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नसल्याचे कंपनीने सांगितले, तरी ऐरोलीच्या कँटीनमध्ये त्यावर कोणाचा विश्वास बसला नसावा. या भीतीवर विचारांपेक्षा हिशेब बरा, म्हणून यजमानांसह बसून त्यांनी सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवण्याची तजवीज सुरू केली आहे.

रात्रीचे उठणे आता क्वचित होते. मॅनेजरने पहिल्या दोन मागण्या मान्य केल्या. टेस्टची मागणी डेडलाइनचे कारण देऊन बाजूला ठेवली. लूपमधल्या त्या आयडीचे उदाहरण जोडून बाई ती पुढच्या तिमाहीत लेखी मांडणार आहेत.