वात नको, पंपही नको: द्रव इंधनाच्या स्टोव्हसाठी बर्नरची रचना कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉकेल किंवा इथेनॉलवर चालणारा, वात नसलेला आणि शक्यतो पंपही मारावा न लागणारा बर्नर स्वयंपाकाच्या स्टोव्हसाठी बनवायचा आहे. पहिला नमुना तयार आहे, पण ज्योत पिवळी येते, भांडं काळं होतं आणि दर काही सेकंदांनी ज्योत धापा टाकते. निप्पलचं, म्हणजे ज्यातून इंधनाची वाफ झोतासारखी सुटते त्या बारीक तोंडाचं, भोक लहान-मोठं करून पाहिलं, फरक पडला नाही. सुरुवात कुठून करावी?

वात नेमकं काय करत होती, याचा हिशेब आधी मांडा. वातीच्या स्टोव्हमध्ये ती चार कामं एकटी करते. टाकीतलं इंधन वर चढवते. जेवढं जळतं तेवढंच वर येऊ देते, म्हणजे मोजमापही तीच ठेवते. टोकाच्या बारीक तंतूंवर इंधन पसरवून त्याची वाफ होऊ देते. आणि ज्योतीला टाकीपासून लांब ठेवते. वात काढली की ही चारही कामं कुणाच्या तरी गळ्यात घालावीच लागतात. बहुतेक घरी केलेल्या नमुन्यांत टाकी उंचावर ठेवून पहिलं काम भागवलेलं असतं आणि बाकीची तीन वाऱ्यावर सोडलेली असतात. तुमच्या वर्णनावरून इथंही तिथंच पाणी मुरतंय.

आता आकडे. स्वयंपाकासाठी सुमारे २ किलोवॅटची ज्योत पुरते. रॉकेलच्या एका किलोतून साधारण ४३ मेगाजूल उष्णता मिळते, म्हणजे तासाला १७० ग्रॅमच्या आसपास रॉकेल लागेल. मिलीमध्ये सांगायचं तर मिनिटाला जेमतेम साडेतीन मिली. शुद्ध इथेनॉलमध्ये किलोमागे २७ मेगाजूलच असतात, म्हणून तिथं मिनिटाला साडेपाच ते सहा मिली. इतका बारीक प्रवाह तासभर एकसारखा ठेवणं हीच या कामातली खरी परीक्षा आहे. तुम्ही सगळं लक्ष निप्पलवर ठेवलंय, पण हे मोजमाप निप्पलच्या कितीतरी आधी, द्रव अजून द्रव असतानाच व्हायला हवं.

का, ते सांगतो. वाफनळीच्या आधीच्या पाइपात काचेच्या नळीचा एक तुकडा बसवून बघा. वाफनळी म्हणजे ज्या तापलेल्या नळीत इंधनाची वाफ होते ती. काचेत तुम्हाला इंधनाची कड पुढे सरकताना दिसेल. ती तापलेल्या धातूला टेकते, एकदम वाफ होते, दाब वाढतो, आणि तीच कड बोटभर मागे ढकलली जाते. पुरवठा तुटला की ज्योत बसते. दाब उतरला की इंधन पुन्हा धावत येतं, या वेळी जरा जास्तच, आणि ज्योत भपकन उठते. धापा त्या ह्याच. उंचावरच्या टाकीचा दाब फार तोकडा असतो, त्यामुळे वाफ त्याला सहज मागे रेटते. १ मीटर उंचीचा रॉकेलचा स्तंभ जेमतेम ८ किलोपास्कल दाब देतो. पंपाच्या स्टोव्हमध्ये हा दाब कितीतरी पट असतो, म्हणून तिथं हे हेलकावे जाणवत नाहीत.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकदम करावेत. पहिला, द्रवाच्या बाजूला अडथळा घाला: चांगला नीडल व्हॉल्व्ह (सुईने प्रवाह कमी-जास्त करणारी तोटी) किंवा केसासारख्या भोकाची लांब नळी. टाकीच्या उंचीने मिळणाऱ्या दाबातला निम्म्याहून जास्त दाब त्या अडथळ्यातच खर्ची पडू द्या. मग वाफेच्या बाजूला थोडी खळबळ झाली तरी प्रवाह फारसा हलत नाही. दुसरा, वाफनळीतली रिकामी जागा कमी करा. आत स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जुडी सरकवा. इंधन तारांवर पातळ पसरतं, एका जागी साचून उसळत नाही, आणि जुडी बाहेर ओढून साफही करता येते. ही वात नव्हे, कारण ती इंधन उचलतही नाही आणि मोजतही नाही.

वाफनळीला उष्णता किती लागते, हे अनेकांना खरं वाटत नाही. रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअस या पट्ट्यात उकळतं. ते तिथवर तापवून त्याची वाफ करायला किलोमागे सुमारे ०.८ मेगाजूल लागतात, म्हणजे त्याच्याच उष्णतेच्या २ टक्के. २ किलोवॅटच्या ज्योतीत हे झाले ४० वॅट! एवढ्यासाठी नळीची वेटोळी थेट ज्योतीच्या पोटात घालायची गरज नसते. तसं केलं की मोठ्या ज्योतीवर नळी लालबुंद होते, आतल्या रॉकेलचे रेणू उष्णतेने तुटतात आणि कार्बन धरतो. अशी नळी कापून पाहिली तर आत काळा, काचेसारखा चकचकीत थर दिसतो, निप्पलकडच्या टोकाला सर्वांत जाड. त्याचेच कण सुटून निप्पलमध्ये अडकतात, आणि मग कितीही पिन मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उलट टोकाची अडचण मंद आचेवर येते. ज्योत लहान केली की ती खाली बसते, नळीपर्यंत पुरेशी पोचत नाही, नळी थंड होते आणि निप्पलमधून वाफेऐवजी द्रवाचे थेंब उडू लागतात. तुमची पिवळी ज्योत काही अंशी यातलीच असणार. म्हणून नळी ज्योतीच्या वरच्या भागात नको. ती बर्नरच्या डोक्याला, ज्योतीच्या बुडाशी, धातूला धातू भिडवून जोडा. ज्योत मोठी असो वा लहान, तिचं बूड डोक्यालाच चिकटलेलं असतं, त्यामुळे वहनाने येणारी उष्णता बरीच स्थिर राहते. १०० मिमी लांब आणि आतून ६ मिमी व्यासाची पितळी नळी या कामाला पुरेशी आहे. नळीचं तापमान ३०० ते ३५० अंशांच्या आत राहील असं पाहा. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बांधल्याशिवाय हे कळत नाही. नुसत्या रंगावरून अंदाज करू नका. धातू अंधारात लालसर दिसू लागतो तोवर तो ५०० अंशांच्या घरात गेलेला असतो.

आता निप्पल आणि हवा. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२मध्ये जो प्रायमस स्टोव्ह आणला, त्याची सगळी करामत याच जागी आहे: आधी वाफ करायची, मग ती बारीक भोकातून इतक्या वेगाने सोडायची की तिनेच आजूबाजूची हवा ओढून घ्यावी. अशा पंपाच्या स्टोव्हचं भोक ०.३ मिमीच्या आसपास असतं. ५० किलोपास्कल दाबावर त्यातून रॉकेलची वाफ सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटते आणि दीड किलोवॅटच्या आसपास ज्योत मिळते. तेच भोक उंचावरच्या टाकीला लावलं तर ज्योत दिवलीएवढी होणार. टाकी बर्नरपासून ६० सेंमी वर धरा. एकूण दाब पावणेपाच किलोपास्कल. त्यातला २ किलोपास्कल निप्पलला सोडला, बाकीचा व्हॉल्व्हमध्ये गेला, तर २ किलोवॅटसाठी भोक सुमारे ०.८ मिमी लागतं. वाफेचा वेग मात्र सेकंदाला तीस-पस्तीस मीटरवर येतो.

हे ऐकून निराश होऊ नका. घरगुती एलपीजीची शेगडी ३ किलोपास्कलच्या आसपासच्या दाबावर चालते आणि निळी जळते. फक्त तिच्यासारखी रचना करायला हवी: हवा मिसळण्याची नळी रुंद, आतून गुळगुळीत, निप्पल अगदी मध्यावर आणि सरळ. रॉकेलला वजनाच्या १५ पट हवा लागते, म्हणजे २ किलोवॅटला सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडी जास्त. कमी वेगाच्या झोतात ती सगळी आधीच ओढली जाणार नाही. निम्मी आली तरी पुष्कळ, बाकीची ज्योतीभोवतीच्या भोकांमधून मिळू द्या.

रॉकेलच्या बाबतीत इथं एक खोच आहे, जी एलपीजीत नाही. गरम वाफेत थंड हवा मिसळली की मिश्रणाचं तापमान शंभर अंशांच्या आसपास घसरू शकतं आणि रॉकेलचे जड घटक पुन्हा धुक्यासारखे जमतात. हे थेंब ज्योतीत पिवळे ठिपके होऊन जळतात. म्हणून मिश्रणाची नळी आखूड ठेवा आणि ती बर्नरच्या उबेत राहील अशी बसवा. लांबलचक, बाहेर काढलेली, थंड नळी एलपीजीला चालते, रॉकेलला नाही.

इथेनॉल या सगळ्यात फार समजूतदार इंधन आहे. ७८ अंशांना एकसारखं उकळतं, नळीत कार्बन जवळजवळ धरत नाही, हवाही वजनाच्या नऊपटच लागते. वाफ करायला किलोमागे १ मेगाजूल, म्हणजे त्याच्या उष्णतेच्या ४ टक्क्यांच्या आत. पाणी मिसळलेलं असेल तर हिशेब बदलतो: निम्मं पाणी असलेल्या मिश्रणाची वाफ करायलाच त्यातल्या उष्णतेचा आठवा हिस्सा जातो, म्हणून नळी जास्त लांब हवी. असं पातळ इथेनॉल उघड्या पन्हळीत जाळू नका. त्यात दारूचा भाग आधी उडतो, पाणी मागे साचतं आणि ज्योत हळूहळू विझते. वाफनळीत जे येईल त्याची जागेवरच वाफ होते, म्हणून तिथं ही अडचण येत नाही.

पन्हळीचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण तो सोपा आहे. कड्यासारखी उथळ पन्हळ, तिच्यावर भोकं पाडलेले एकात एक दोन पत्र्याचे नळकांडे, आणि पालथ्या बाटलीने राखलेली इंधनाची पातळी. इथेनॉलला हे छान चालतं. रॉकेल थंड असताना असं पेट घेत नाही, म्हणूनच जुन्या ‘वातीविना’ तेल-स्टोव्हमध्येही पेटवण्यापुरतं ॲस्बेस्टॉसचं कडं ठेवलेलं असे. ॲस्बेस्टॉस आज अजिबात वापरू नका. सिरॅमिक किंवा काचतंतूंची दोरी त्याच्या जागी चालते.

वाफनळीच्या बर्नरला सुरुवातीला काकडा, म्हणजे नळी आधी तापवून घेणारी छोटी ज्योत, लागणारच. २०० ग्रॅम पितळ २५० अंशांनी तापवायला सुमारे १९ किलोजूल लागतात. १ मिली इथेनॉलमध्ये २१ असतात, पण त्यातला मोठा भाग हवेत जातो. बर्नरखालच्या वाटीत ४-५ मिली स्पिरिट मावेल एवढी जागा ठेवा आणि ते पूर्ण जळत येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडू नका. घाई केली की द्रव बाहेर येऊन भडका होतो.

जोडकामात साधी कथलाची डाग कुठेही नको. ती १८३ अंशांच्या आसपास वितळते. चांदीची डाग किंवा आट्यांचे जोड वापरा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर इथेनॉलसाठी उंच टाकी आणि रॉकेलसाठी ३० ते ५० किलोपास्कलचा पंप, अशी विभागणी करा. रॉकेल बिनपंपाचं जाळता येतं, पण मंद आच आणि साफसफाई या दोन्हींत ते रोज दमवतं. शिवाय उंच टाकीचा धोका लोक विसरतात. पंपाच्या स्टोव्हची किल्ली सैल केली की दाब उतरतो आणि इंधन थांबतं. उंच टाकीचा पाइप निखळला तर टाकी रिकामी होईपर्यंत ती आगीला खाद्य पुरवत राहते. म्हणून दुसरा व्हॉल्व्ह थेट टाकीच्या बुडाशी, ज्योतीपासून हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे, आणि टाकी कलंडणार नाही अशी पक्की बांधलेली. दाबाची टाकी केलीत तर तिची चाचणी पाणी भरून करा, हवा भरून नको. पाण्याची टाकी फुटली तर फक्त गळते.

पेट्रोल मिसळायचा विचार मनातही आणू नका. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेते. इथेनॉलचा बर्नर गरम असताना बाटलीतून इंधन ओतू नका. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही, आणि बाटलीच्या तोंडातून आत शिरलेली आग समोरच्या माणसावर फवाऱ्यासारखी येते. सगळ्या चाचण्या उघड्यावर करा.

चाचणी करताना टाकी वजनकाट्यावर ठेवा. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१४ किलोजूल लागतात. २ किलोवॅटच्या ज्योतीतली ५५ टक्के उष्णता भांड्यात गेली तर पाच मिनिटांच्या आत उकळी यायला हवी. जास्त वेळ लागला आणि इंधन मात्र ठरल्याइतकंच गेलं, तर दोष भांडं आणि ज्योत यांच्या अंतरात आहे. १५ ते २५ मिमीपासून सुरुवात करा. फार जवळ आणलं तर थंड भांड्याला टेकून ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. ज्योत पूर्ण निळी असतानाही हे होऊ शकतं, म्हणून भांड्याच्या कडेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर धरून मोजा.

तुमच्या वाफनळीची लांबी, आतला व्यास आणि टाकीची उंची खाली लिहा. त्यावरून निप्पल आणि अडथळा किती मापाचा हवा, ते मोजून सांगतो.