वाचकांचे प्रश्न : सोफ्याचा रंग बदलताना

प्रश्न : मी घरांच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी चित्रे तयार करतो. घोडबंदर रोडवरील एका फ्लॅटच्या चित्रात ग्राहकाला मरून सोफा निळा करून हवा आहे. रेंडरला (संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याला) रात्रभर लागत असल्याने मी मटेरियल आयडीचा पास (प्रत्येक मटेरियल वेगळ्या सपाट रंगात दाखवणारे जोडचित्र) फोटोशॉपमध्ये घेऊन मॅजिक वँडने (सारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने) सोफा निवडला व रंग बदलला; परंतु कडेला मरून रेघ राहते. उपाय काय?
— एक वाचक, खारघर

उत्तर : सोफ्याच्या कडेवरील पिक्सेलमध्ये थोडा सोफा आणि थोडी भिंत असते, त्यामुळे आयडी पासमध्ये तेथे दोघांचे रंग मिसळलेले असतात आणि त्यात सोफ्याचा वाटा नेमका किती, हे मॅजिक वँडला ओळखता येत नाही. व्ही-रे हे रेंडरिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातील मल्टीमॅट हा पास घ्यावा. त्यात लाल, हिरव्या व निळ्या चॅनेलला एकेक वस्तू नेमून देता येते आणि कडेवरील पिक्सेलमध्ये सोफा जितका, तितकाच त्या चॅनेलमधील करडा रंग उजळ असतो. फोटोशॉपच्या चॅनेल्स पॅनेलमध्ये कंट्रोल दाबून त्या चॅनेलच्या छोट्या चित्रावर क्लिक केले की सिलेक्शन मिळते. त्यानंतर ह्यू-सॅच्युरेशनचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घेतला की त्याचा मास्क (बदल फक्त निवडलेल्या भागापुरता ठेवणारा थर) आपोआप तयार होतो. मास्कचा पास जेपेगमध्ये कधीही साठवू नये. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मल्टीमॅटचे हेच काम क्रिप्टोमॅट करते. ही पद्धत २०१५ च्या सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत मांडली गेली आणि ब्लेंडरमध्ये ती २.८० या आवृत्तीपासून आहे.

मात्र एवढ्याने काम संपत नाही, आणि ग्राहकाच्या नजरेला नेमके हेच खटकते. मास्कमध्ये फक्त थेट दिसणारा सोफा येतो. चकचकीत टाइल्समधील त्याचे प्रतिबिंब आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेली मरून झाक तशीच राहते. प्रतिबिंबासाठी रिफ्लेक्शनचा पास स्वतंत्र घ्यावा, त्यातील मरून भागाचा रंग बदलावा आणि प्रकाश, जीआय (पृष्ठभागांवरून परतून आलेला प्रकाश), स्पेक्युलर (दिव्यांची चमक) इत्यादी पासेससह त्याची बेरीज करून चित्र पुन्हा उभे करावे. ही बेरीज ३२ बिट लिनियर फाइलमध्ये (जिच्यात प्रकाशाची मूल्ये प्रत्यक्ष प्रमाणात असतात), लिनियर डॉज या बेरीज करणाऱ्या ब्लेंड मोडनेच करावी, अन्यथा उजळ भाग बिघडतात. भिंतीवरील झाक मऊ ब्रशने रंगवलेल्या मास्कखाली सॅच्युरेशन कमी करून घालवता येते. सोफा काचेच्या पार्टिशनमागे असेल, तर व्ही-रेमध्ये काचेच्या मटेरियलमधील अफेक्ट चॅनेल्सचा पर्याय ‘ऑल चॅनेल्स’ ठेवूनच रेंडर करावे. तसे न केल्यास मास्कमध्ये सोफ्याऐवजी काच येते.

प्रश्न : याच पद्धतीने गडद लाकडी फर्निचर पांढरे करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. गडद भाग एवढा उजळला की त्यातील नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. शिवाय पांढऱ्या फर्निचरवरून परावर्तित होणारा प्रकाश संपूर्ण खोली उजळतो, आणि तो कोणत्याही मास्कमधून आणता येत नाही. अशा बदलासाठी पुन्हा रेंडर करावे आणि तेवढा वेळ ग्राहकाकडून आधीच मागून घ्यावा.