चौघांतला एक पीत नाही, म्हणून ‘ड्रायव्हिंगचा प्रश्न मिटला’?

तुमचा प्रश्न असा आहे: चौघे मित्र, जूनच्या शेवटी सात दिवस, स्कॉटलंडमध्ये गाडीने फिरत व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या बघायच्या, रात्री तंबूत झोपायचं, रूट सुचवा, रोज चार-पाच डिस्टिलऱ्या होतील का. आणि मध्येच एक वाक्य सहज टाकून दिलंय, “आमच्यातला एक जण पीत नाही, त्यामुळे ड्रायव्हिंगचा प्रश्न मिटला.”

कुणाचा मिटला? त्याला विचारलंय का?

मी तो ‘एक’ आहे. माळशिरसकडचा, माळकरी घरातला, गळ्यात तुळशीची माळ. नोकरीनिमित्त काही वर्षं एडिंबरात राहतो. २०२३ च्या जूनमध्ये हॉस्टेलचे तीन मित्र आले आणि तुम्ही म्हणताय तीच ट्रिप आम्ही केली. गाडी सातही दिवस मीच चालवली. सुमारे साडेसातशे मैल. किलोमीटर नव्हे, मैल.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रोज चार-पाच होत नाहीत. नीट बघायच्या तर दोनच होतात. एक टूर तास-दीड तासाची असते, शेवटी दोन-तीन घोट देतात, वेळ आधी बुक केलेली असते आणि दोन ठिकाणांच्या मध्ये मेंढ्या रस्ता ओलांडत असतात. आमच्या पक्याने मात्र एक्सेल शीट केली होती. कॉलेजात जर्नल दुसऱ्याचं उतरवणारा माणूस, पण ट्रिपच्या शीटमध्ये रंगसुद्धा भरले होते. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात ग्लेनफिडिक, स्ट्राथआयला, कार्डू, अबेरलूर अशा चार. माझं नाव एकाच रकान्यात, ‘ड्रायव्हर’.

मी म्हटलं, माझीही तिकिटं काढ, मला आत यायचंय. तर हा म्हणतो, “गाढवाला गुळाची चव काय? उगाच पैसे कशाला घालवतोस, बाहेर देखावे बघ.”

पहिल्या दिवशी डालव्हिनीला मी खरंच बाहेर बसलो. उंच माळरानावर, साडेतीनशे मीटरवर पांढऱ्या भिंतींची डिस्टिलरी, मागे डोंगर, देखावा झकास. पण तास-दीड तास पार्किंगमध्ये बसून कुठलाही देखावा पार्किंगसारखाच दिसायला लागतो. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं.

आणि इथेच खरी गंमत. तिसऱ्या डिस्टिलरीला तिघांनाही काही ऐकू येईना. गाइड बोलतेय आणि हे माना डोलावतायत. चौथीला पक्या गाडीतच झोपला, दुसरा त्याच्या सोबतीला थांबला, तिसरा आत आला तो बाकावर बसून राहिला. त्या टूरमध्ये कान उघडे ठेवून फिरणारा आमच्यातला मी एकटाच. गाइडबाईंनी शेवटी ग्लास पुढे केला, मी माळ दाखवली आणि म्हटलं, चालत नाही. त्यांना पूर्ण कळलं नसावं, पण म्हणाल्या, “मग वास तरी घ्या. आमचं निम्मं काम नाकानेच चालतं.” वास घेतल्याने माळ बाटत नाही, हे मी तिथल्या तिथे स्वतःपुरतं ठरवून टाकलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याआधी त्यांनी आंबवणाचं पिंप दाखवलं होतं. घराएवढ्या उंचीचं लाकडी पिंप, वर झाकण. झाकण उचललं आणि म्हणाल्या, हळू वाका. मी वाकलो तर नाकात जी चपराक बसली! डोळ्यांत पाणीच आलं. तो कर्बवायू, आंबताना सुटतो. चपराक ओसरली आणि मागून जो वास आला तो मला लहानपणापासून पाठ. आमच्याकडे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीवरून वारा सुटला की शाळेत यायचा तोच आंबूस गोड वास. तिकडे मळी, इकडे जव, एवढाच फरक. हा फरक छोटा नाही म्हणा. मळीच्या स्पिरिटची बाटली आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून विकतात, युरोपात तिला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्यच लागतं. आणि रस काढून उरलेला जवाचा चोथा जातो कुठे, तर आसपासच्या गाईंना. आपल्याकडे सरकी पेंड, तसंच. हे ऐकून मी एकदम घरी आल्यासारखा झालो.

मग दारू गाळायची तांब्याची भांडी. आजीच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा बंब आठवा. तो कुणीतरी दोन मजले उंच केला आणि त्याला लांब मान काढली, असं दिसतं ते. बुधवारी टेनला ग्लेनमोरेंजी बघितली, तिथले बंब सगळ्या स्कॉटलंडात उंच, नुसती मानच ५.१४ मीटर. मान उंच असली की जड वाफ वरपर्यंत पोचत नाही, अर्ध्या वाटेवर परत पडते, हलकी तेवढी पलीकडे जाते, म्हणून दारू हलकी उतरते. तांबं नुसतं शोभेला नसतं, गंधकाचा वास ते ओढून घेतं. पहिल्या बंबातून साधारण पंचवीस टक्के अल्कोहोलच्या आत-बाहेरचं निघतं, दुसऱ्यातून सत्तरच्या आसपास. आधी येतं ते आणि शेवटी येतं ते बाजूला काढायचं, मधलं तेवढं पिंपात भरायचं. ओकचं पिंप, किमान तीन वर्षं, आणि तेही स्कॉटलंडातच. दर वर्षी दोनेक टक्के हवेत उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या गाडीतल्या देवदूतांचा वाटा बराच जास्त होता.

क्रेगेलाखीला पिंपं बांधण्याचा कारखाना आहे, स्पेसाइड कूपरेज. वरच्या गॅलरीतून दिसतं. माणसं जुनी पिंपं सुटी करतात, खराब फळी काढतात, नवी बसवतात, लोखंडी कडी हातोड्याने ठोकत ठोकत खाली नेतात, आणि हे सगळं इतक्या झपाट्याने की हात दिसत नाहीत. शीटमध्ये ते नव्हतं, कारण तिथे घोट मिळत नाही असा पक्याचा समज. मी हट्टाने नेलं. सात दिवसांत मला सगळ्यात जास्त आवडलेलं ठिकाण तेच.

मंगळवारी रात्री लॉख मॉर्लिख तळ्याच्या काठी, ग्लेनमोरच्या कॅम्पसाइटवर पैज लागली. पक्याने तीन स्टीलच्या पेल्यांत तीन प्रकार ओतले. मी डोळे मिटून नुसत्या वासावर सांगितलं, हा शेरी वाइनच्या पिंपातला, मनुका आणि गुळाच्या ढेपेसारखा. हा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातला, व्हॅनिलाचा वास. आणि हा धुराचा. तिन्ही बरोबर. मग पक्याची पाळी. तीनपैकी एक. त्यावर तो म्हणतो, “तुझं नाक ताजं होतं.” अरे, माझं नाक ताजं होतं कारण मी गाडी चालवत होतो!

गुरुवार, २९ जून. आषाढी एकादशी. आम्ही स्काय बेटावर, स्लिगाखनला तंबू टाकलेला, समोर कुलिनचे काळे डोंगर. आदल्या रात्री डब्यात साबुदाणा भिजवून ठेवला होता. तिघांना टॅलिस्कर डिस्टिलरीला सोडून मी परत आलो आणि गॅसच्या एकशेगडीवर खिचडी टाकली. दाण्याचं कूट घातलं, वाफ आली, आणि वारा पडला. वारा पडला की संपलं. स्कॉटलंडची चिलटं तुम्हाला माहीत नसतील. आपल्या चिलटांसारखीच दिसतात, पण चावतात, आणि हजारोंनी येतात. मे ते सप्टेंबर त्यांचं राज्य. खिचडीवर मिरीपूड भुरभुरावी तशी पडली. उपासाच्या दिवशी हे. मी पातेलं उचललं, गाडीत बसलो, काचा लावल्या आणि स्टिअरिंगवर ताटली ठेवून खाल्लं. डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या, स्मिज नावाचं चिलटं पळवायचं औषध तिथे सगळीकडे मिळतं ते घ्या, आणि तंबू झुडपात किंवा पाण्याला चिकटून न टाकता वाऱ्याच्या जागी टाका.

वडील तेव्हा पंढरपुरात. व्हिडिओ कॉल लागला. “मागं डोंगर कुठला?” “कुलिन.” “आणि पोरं कुठं गेली तुझी?” “तीर्थाला,” मी म्हटलं. वडील हसले, बहुतेक कळलं त्यांना. हरिपाठ दिवे लागणीला म्हणायची आमच्या घरची सवय, पण तिथे जूनमध्ये सूर्य सव्वादहानंतर मावळतो. शेवटी घड्याळ बघून सातला म्हटला, लख्ख उन्हात.

आता रूट, कारण तुम्ही तो विचारला होता. आम्ही एडिंबराहून ए-९ने गेलो, तुम्ही जाऊ नका. सरळ मोठा रस्ता, जागोजाग सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. त्याऐवजी पर्थ, ब्लेअरगाउरी, ब्रेमार, टोमिनटोल असे जा, त्याला स्नो रोड्स म्हणतात. केअर्नवेलची खिंड ६७० मीटरवर आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच हमरस्ता. वाटेत बालमोरलशेजारी रॉयल लॉखनागर आणि पुढे ग्लेनलिव्हेट. ग्लेनलिव्हेटवाल्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये सरकारी परवाना काढला, म्हणून चोरून गाळणारे शेजारी त्याच्या जिवावर उठले आणि तो दोन पिस्तुलं बाळगून हिंडायचा. मग स्पे नदीच्या खोऱ्यात, म्हणजे स्पेसाइडला दोन रात्री, एक रात्र टेनकडे, दोन स्कायवर, परतताना ग्लेन शील आणि ग्लेनको या दऱ्या. आयला बेट याच आठवड्यात कोंबू नका. (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार ‘आयला’ असाच आहे. पक्या दिवसातून दहा वेळा म्हणायचा, आयला, आयला राहिलं!) केनाक्रेग बंदराहून बोटीला दोन तासांहून जास्त लागतात आणि उन्हाळ्यात गाडीची जागा खूप आधी धरावी लागते.

पण माझं ऐकाल तर नुसतं आयलाच करा. पोर्ट एलनला उतरलात की लफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग एकाच रस्त्यावर, चालायला वेगळी पायवाट आहे. तंबू टाका, गाडी उभी करा आणि चौघेही पायी जा. स्पेसाइडलाही अबेरलूर ते क्रेगेलाखी जुन्या रेल्वेच्या वाटेने दोनेक मैल आहे. ड्रायव्हरला एक दिवस तरी किल्ली खिशात ठेवून फिरू द्या.

‘एकेक घोट घेऊन आलटून पालटून चालवू’ हा विचार मात्र मनातही आणू नका. स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात शंभर मिलिलिटर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली, इंग्लंडमध्ये ती अजून ८० आहे. आपल्याकडे ३० आहे आणि आपण काय करतो ते सोडा. तिथे सकाळीसुद्धा अडवतात, आणि रात्रीची सकाळी उतरलेली नसते.

तंबूचं म्हणाल तर २००३ च्या कायद्याने मोकळ्या माळावर तंबू टाकायची मुभा आहे, पण ती तंबूला, गाडीत झोपायला नाही. घरांपासून आणि रस्त्यापासून लांब टाका, दोन-तीन रात्रींत उठा, कचरा उचला, शेकोटी पेटवू नका, पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन आतून धुमसत राहते. लॉख लोमंडच्या काठावर १ मार्च ते ३० सप्टेंबर बऱ्याच पट्ट्यांत परवाना लागतो. भारतीय लायसन्स पाहुण्याला चालतं, पण भाड्याच्या गाडीच्या विम्यात चालवणाऱ्याचं नाव हवंच. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर ‘पासिंग प्लेस’ असतात, त्या समोरच्याला वाट द्यायला, फोटोसाठी गाडी लावायला नाहीत. उन्हाळ्यात काही डिस्टिलऱ्या दुरुस्तीसाठी गाळप बंद ठेवतात, टूर होते पण बंब थंड असतात, बुक करताना विचारा. परत येताना माणशी दोन लिटर बिनकरात आणता येते.

राहता राहिला हिशोब. पेट्रोल १०८ पौंड झालं. शेवटच्या दिवशी पक्याने ॲपवर टाकलं, भागिले चार. मी म्हटलं, अरे, टूर तुमच्या, दारू तुमची, चालवलं मी, तरी पेट्रोलचा चौथा वाटा माझा? तर म्हणे, “तूपण फिरलासच ना, देखावे बघितलेस.” तसल्या अरुंद रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला देखावा दिसत नाही हो. त्याला दिसतो पुढचा पासिंग प्लेस, समोरून येणारी कॅम्परव्हॅन आणि आरशात मागच्या सीटवर घोरणारे दोघे. ग्लेन शील मी खरा बघितला तो पुढच्या वर्षी, बसने गेलो तेव्हा.

आणि बाटल्या. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरचा घोट तिथे न देता इवल्याशा बाटलीत भरून देतात, नंतर प्या म्हणून. मी पाच जमवल्या होत्या. माझ्या खालच्या मजल्यावर एक स्कॉटिश आजोबा राहतात, मी नसताना माझ्या तुळशीला पाणी घालतात, त्यांच्यासाठी. एकादशीच्या रात्री मी झोपल्यावर तिघांनी त्यातल्या चार संपवल्या. सकाळी विचारलं तर एकच उत्तर, “तू कुठे पितोस?”

पाचवी टायरच्या पान्याजवळ गुंडाळून ठेवली होती म्हणून वाचली. ती आजोबांना पोचली.

तर तुमच्या त्या चौथ्या मित्राला हे उत्तर पाठवा. त्याने ‘जमेल’ म्हटलं तर त्याचं पेट्रोल माफ करा, कूपरेज त्याच्या आवडीने बघा आणि बाटल्यांना हात लावू नका. आणि पक्या, तू इथे सगळं वाचतोस हे मला माहीत आहे. २७ पौंड आणि चार बाटल्या.