प्रार्थना करूनही काही घडत नाही, मग देवावरची आशा टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं प्रार्थना केली, उपास केले, तरी नोकरी लागली नाही आणि मंडळीतले (चर्चमधले) लोक म्हणतात, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ आधी या वाक्याबद्दल बोलते, कारण ते ऐकलं की माझं डोकं तापतं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, ९व्या अध्यायात, आजारी पोराला घेऊन आलेला बाप येशूसमोर कबूल करतो की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, तो घालवायला मदत करा. येशूने त्याला ‘विश्वास वाढवून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. पोराला तिथल्या तिथे बरं केलं.

दुसरी गोष्ट यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. तुमच्या हिताचे बेत माझ्या मनात आहेत, तुम्हाला आशा द्यायची आहे, असं देव त्यात म्हणतो. नव्या वर्षाच्या वचनाच्या कार्डांवर हे हमखास असतं, तुम्हालाही कोणी दिलंच असेल. कार्डावर ११वं वचन छापतात, १०वं सोडून देतात. त्यात म्हटलंय, बाबेलची ७० वर्षं भरल्यावर. हे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यातली बरीच माणसं परत येण्याआधीच मरणार होती. म्हणूनच ५व्या-६व्या वचनांत त्यांना घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा असं सांगितलंय. पंडिता रमाबाईंनी १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली. तरीही बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं केलं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. मळे लावणं ते हे. ‘पुढच्या महिन्यात ऑफर लेटर’ असा अर्थ लावून वाट पाहिलीत, तर प्रत्येक नकारासोबत देवच खोटा पडल्यासारखा वाटेल.

आता रोज काय करायचं ते. आपण स्तोत्र २३, ९१ आणि १२१ यांच्यापलीकडे जात नाही. गाऱ्हाण्याची कितीतरी स्तोत्रं तशीच पडून राहतात. स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो, ३-४ मध्ये मागणी, ५-६ मध्ये भरवसा. याच क्रमाने वहीत लिहा. तक्रार नेमकी हवी. ‘मी फार निराश आहे’ नको. ‘मंगळवारी तिसरी मुलाखत झाली, अजून फोन नाही, ५ तारखेला हप्ता आहे’ असं लिहा. मग एकच मागणी, दहा नकोत. शेवटी देवाने तुमच्यासाठी पूर्वी केलेली एक घडलेली गोष्ट. मग सगळं मोठ्याने वाचा. दहा मिनिटं पुरतात.

बिघडतं ते इथे: लोक थेट ५व्या वचनावर उडी मारतात. तक्रार गिळली की हळूहळू प्रार्थनाच बंद पडते, कारण खोटं बोलायला रोज कोण बसेल? भरवसा येतच नसेल त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. त्याची १८ वचनं अंधारातच संपतात. भरवसा आहे तो पहिल्या ओळीतल्या ‘माझ्या तारणाच्या देवा’ या हाकेत, बस्स. तेही पवित्र शास्त्रातच आहे.

आणि लूक २४ सावकाश वाचा. येशूला क्रूसावर मारल्यानंतर त्याचे दोघं शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाला निघालेत, साधारण ११ किलोमीटर. कबर रिकामी असल्याचं बायकांनी सांगितलेलं त्यांना ठाऊक आहे, तरी निघालेत. ‘आम्हाला आशा होती’ म्हणतात; होती. येशू त्यांच्याबरोबर चालतो, पण त्यांना तो ओळखू येत नाही. तो विचारतो, ‘कसल्या गोष्टी?’ सगळं त्याला माहीत आहे, तरी त्यांना पूर्ण बोलू देतो. रागावतो, पण ऐकून घेतल्यावर. मग शास्त्र उलगडतो, आणि ओळख पटते ती जेवायला बसून भाकर मोडताना. त्याच रात्री ते आल्या वाटेने परत जातात. मंडळीत असं आधी ऐकणारं एक माणूस शोधा, त्याच्यासोबत चाला, त्याला जेवायला बोलवा. सल्ला देणारे आपोआप मिळतातच.

एक सांगायचं राहिलं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. हा अविश्वास नाही. ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न तो होरेब डोंगरावर पोचल्यावर आला.

आणि ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांना २ करिंथ १२:८ दाखवा. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास नेमका कितीने कमी पडला, हे त्यांनाच विचारा.