रेंज फुल, तरी फोन लागेना
वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास आणि मोबाईल

प्रश्न : आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक पाच महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. गेल्या खेपेला रोमिंगचा पॅक मारूनही साधा कॉल लागता लागता तुटायचा. व्हॉट्सॲप मात्र सुरळीत, रेंजही फुल. बँकेचे ओटीपी अर्ध्या तासाने एकदम तीन-तीन यायचे. दोष पॅकचा की फोनचा? (कोथरूड)

उत्तर : दोन्हींचा असू शकतो, पण आधी संशय घ्यावा तो तुमची भारतातली कंपनी आणि तिकडची कंपनी यांच्यातल्या करारावर. रेंजच्या दांड्या एवढंच सांगतात, की जवळच्या टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत पोचतोय. तुमचं सिम आत घ्यायचं की नाही, हे तो टॉवर भारतातल्या तुमच्या कंपनीला विचारून ठरवतो. नेट, कॉल आणि एसएमएस यांचे मार्गही वेगळे असतात. म्हणून नेट चालतं आणि कॉल लागत नाही, असं खुशाल होऊ शकतं.

अमेरिकेपुरतं कारण बहुधा हे, की तिथे ३जी संपलं. तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी, म्हणजे एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन यांनी, २०२२ मध्ये ते बंद केलं. आता कॉल मुख्यतः ४जीवरून, म्हणजे व्हीओएलटीई नावाच्या पद्धतीने जातो. तुमच्या कंपनीचा तिथे फक्त नेटपुरता करार असेल किंवा फोनमधलं व्हीओएलटीईचं बटण बंद असेल, तर कॉल लावताना फोन खालच्या ३जी-२जीवर उतरू पाहतो. तिथे काही सापडत नाही आणि कॉल तुटतो. तेव्हा पॅक घेताना कस्टमर केअरला ‘यूएसएला चालेल ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘यूएसएमध्ये व्हीओएलटीई रोमिंग कुठल्या नेटवर्कवर आहे?’ असं विचारा आणि नाव कागदावर लिहून घ्या.

तिथे उतरल्यावर फोनने भलतंच नेटवर्क धरलं असेल, तर सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, नेटवर्क निवडण्याचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि यादी येऊ द्या. याला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. फोन अडकला असं समजून मागे येऊ नका. लिहून आणलेलं नाव निवडा. मात्र मुक्काम हलला की पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा. हाताने निवडलेल्या नेटवर्कची रेंज नसेल, तर शेजारी दुसरं असूनही फोन तिकडे जात नाही.

आता ओटीपी. बँकेचा एसएमएस आधी भारतातल्या तुमच्या कंपनीच्या यंत्रणेकडे येतो. तुमचा फोन कुठल्या नेटवर्कवर आहे हे पाहून ती तो पुढे ढकलते. फोन बंद असेल किंवा नेटवर्क बदलत असेल, तर मेसेज थांबून राहतो आणि थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा पाठवला जातो. फोन सापडला, की साठलेले सगळे एकदम येतात. तोवर ओटीपीची पाच-दहा मिनिटांची मुदत संपलेली असते. म्हणून ओटीपी मागवण्याआधी फ्लाइट मोड चालू करा, अर्ध्या मिनिटाने बंद करा, वर नेटवर्कचं नाव दिसेपर्यंत थांबा आणि मग मागवा. ‘रीसेंड’ सारखं दाबू नका. नवा निघाला की साधारणपणे जुना रद्द होतो, आणि उशिरा आलेल्या तिनांतला शेवटचा कुठला हे ओळखता येत नाही. निघण्याआधी शाखेत जाऊन ईमेलवरही ओटीपी येण्याची सोय आहे का ते पाहा. यूपीआयचं ॲप तिकडे गेल्यावर काढून पुन्हा टाकू नका. नव्या नोंदणीसाठी भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि गाडी तिथेच अडते.

पाच महिन्यांसाठी रोमिंगचे पॅक मारत बसणं महागात पडतं. नेटसाठी आणि तिथल्या कॉलसाठी तिकडचं सिम घ्या. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत चालू ठेवा, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक प्लॅनमध्ये पैसे पडत नाहीत, येणारा कॉल उचलला तर पडतात. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. सिम प्रीपेड असेल, तर मूळ रिचार्ज संपल्यावर येणारे एसएमएसही थांबतात, त्यामुळे पुण्यातल्या कुणाला तरी तारीख देऊन ठेवा. सलग ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असली, तर नंबरच हातचा जाऊ शकतो.

प्रश्न : पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशी सहल आहे. ‘युरोप’ लिहिलेलं ई-सिम (कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये घेता येणारं सिम) घेतलं तर तिन्हीकडे चालेल का? ओळखीच्या एकांचं स्वित्झर्लंडमध्ये शिरताच बंद पडलं. (वाकड)

उत्तर : स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. संघातल्या देशांत एकाचं सिम दुसऱ्यात जादा पैसे न देता चालावं, हा नियम १५ जून २०१७ पासून आहे, पण तो स्वित्झर्लंडला लागू नाही, आणि आता ब्रिटनलाही नाही. काही ई-सिमवाले हे देश यादीत धरतात, काही वगळतात. पाकिटावरचं ‘युरोप’ वाचून भागत नाही, देशांची पूर्ण यादी उघडा आणि स्वित्झर्लंड शोधा. सहलीच्या कंपनीने दिलेल्या सिमलाही हेच.

दुसरी गंमत जिनिव्हा आणि बाझलला होते. ही शहरं सीमेला खेटून आहेत. फोन तुमची सीमा बघत नाही, सिग्नल बघतो, आणि हॉटेलात बसल्या-बसल्या फ्रान्स किंवा जर्मनीचं नेटवर्क धरतो. पॅक एकाच देशाचा असेल, तर अशा ठिकाणी नेटवर्क हाताने निवडा.

ई-सिमबाबत सगळ्यात जास्त चुकतं ते डेटा रोमिंगचं बटण. भारतीय सिमसाठी ते बंद ठेवायचं हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून दोन्हींचं बंद केलं जातं. पण प्रवासाची ई-सिमं पुष्कळदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात, फ्रान्समध्ये तीही पाहुणीच. त्यांच्यासाठी डेटा रोमिंग चालूच हवं. आयफोनवर मोबाईल डेटा ई-सिमवर ठेवून ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन मुकाट्याने भारतीय सिमचं नेट वापरू शकतो.

क्यूआर कोड घरच्या वायफायवर, निघायच्या आदल्या दिवशी स्कॅन करा. एक्स्प्रेसवेवर कॅबमध्ये नको. कोड बहुधा एकदाच चालतो. मध्येच नेट तुटलं किंवा नंतर ई-सिम चुकून डिलीट झालं, तर नवा मागवावा लागतो. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की तिथलं पहिलं नेटवर्क मिळाल्यापासून, तेही आधी बघा. फोन ई-सिमचा आहे का, हे *#०६# दाबून कळतं. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ‘ईआयडी’ हा लांबलचक आकडा दिसला, तर आहे.

प्रश्न : दुबईत हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, मेसेज मात्र जातात. फोन बिघडला का? (सहकारनगर)

उत्तर : नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलायला परवानगी असलेलीच ॲप्स चालतात, व्हॉट्सॲपचा कॉल त्यात बसत नाही. बोटिम हे ॲप चालतं. तुम्ही निघण्याआधीच पुण्यातल्या माणसाच्या फोनवरही ते डाउनलोड करून ठेवा.

चीनला जाणाऱ्यांसाठी याच्या उलट. तिथल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ते सहसा चालतात, कारण रोमिंगचं नेट साधारणपणे भारतातल्या कंपनीकडे येऊन मग पुढे जातं. रोमिंगवर पान उघडायला जो उशीर लागतो, त्याचं एक कारणही हा फेरा.

प्रश्न : तपकीर गल्लीतून घेतलेला जुना फोन आहे, भारतात ४जी उत्तम चालतं. ऑस्ट्रेलियात मुलाकडे चालेल का? (हडपसर)

उत्तर : खात्री केल्याशिवाय नेऊ नका. ऑस्ट्रेलियात २०२४ अखेरीस ३जी पूर्ण बंद झालं, आणि तिथला आणीबाणीचा ००० हा कॉल ४जीवरून लावू न शकणारे फोन कंपन्यांनी नेटवर्कवर बंद करायचे आहेत. त्यामुळे इथे ४जी उत्तम चालतं, एवढ्यावर भागणार नाही. *#०६# ने मिळणारा आयएमईआय मुलाला कळवा. तिथल्या कंपनीकडे तो देऊन फोन चालतो का ते पाहता येईल. फोन परदेशातून आलेला असेल, तर तो एकाच कंपनीच्या सिमपुरता लॉक नाही ना, हेही तपासा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाऊट इथे ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असायला हवं.

प्रश्न : परदेशात नेट वापरलंच नाही, तरी पोस्टपेडचं बिल हजारांत आलं. दाद मागता येईल का? (पिंपरी)

उत्तर : आधी तपशीलवार बिल मागवा आणि वेळ बघा. वापर विमान हवेत असतानाचा असेल, तर फ्लाइट मोड राहून गेला. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन ते आपोआप धरतो, आणि बऱ्याच देशांच्या पॅकमध्ये विमान आणि समुद्रातली जहाजं येत नाहीत. वापर रात्रीचा आणि एकदम मोठा असेल, तर तो फोटोंचा बॅकअप किंवा ॲपचं अपडेट. अशा वेळी कंपनी सहसा ऐकत नाही. मात्र पॅक चालू असलेल्या तारखांना साधा दर लावलेला दिसला, तर पॅक सुरू झाल्याचा एसएमएस जोडून लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. पॅकचा ‘दिवस’ भारतीय वेळेने रात्री बाराला संपतो की सुरू झाल्यापासून चोवीस तासांनी, हेही त्या एसएमएसच्या तपशिलात पाहा. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात भारतातले रात्रीचे बारा म्हणजे तिथले दुपारचे अडीच असतात.